अप्पांचा दगड आणि सरांची चाकं

नांदेडच्या शोरूममधून नवी गाडी लातूरला आणायची तर ताहेरनंच, असं गाडीवाले म्हणायचे. वाटेत कुत्रं आडवं आलं तरी हा गडी त्याला आधी सलाम करणार आणि मग पुढं जाणार, अशी त्याची चेष्टा व्हायची. पण एकोणीस वर्षांत त्याच्या हातून एकाही गाडीला ओरखडा पडला नव्हता. भूकंपानं गाव, भाऊ आणि टायरचं दुकान एका पहाटेत गिळल्यावर लातुरात त्याची ओळख म्हणून एवढंच उरलं होतं.

वीरभद्र सरांची गाडी आणायचं त्यानं लगेच कबूल केलं, त्याला कारण त्याची मुलगी मनतशा. सरांच्या क्लासची स्पेशल बॅच पोरीची दोन मार्कांनी हुकली होती. सर म्हणाले होते, "ताहेरभाई, गाडी नीट आणा. पोरीचं बघून घेऊ." आता सरांचं 'बघून घेऊ' म्हणजे काय, हे लातुरात शेंबड्या पोरालाही कळतं.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत ताहेरनं गाडी अशी आणली, जणू पोटुशी सून माहेरी पोचवतोय. दारात बँड उभा. सरांच्या वडलांनी, गुरुपादप्पांनी, म्हणजे अप्पांनी, आपला दगड आणून पुढच्या चाकाला खेटून ठेवला. हा दगड भूकंपात पडलेल्या घरातला. गाव सोडताना म्हाताऱ्यानं तेवढाच उचलला होता आणि घरात कुठलंही शुभकार्य असो, नारळ त्यावरच फुटायचा. ताहेर त्यांच्याच गावचा. असल्याच दगडांखालून त्यानं भावाला काढलं होतं.

नारळ फुटला. चाकांखाली लिंबं होतीच. सर ऐटीत गाडीत बसले, स्टेअरिंग वळवलं आणि निघाले.

"सर, दगड! थांबा!" ताहेर ओरडला. बँड त्याच्यापेक्षा जोरात होता. लिंबं फुटली, पेढे वाटले गेले, सरांच्या मेव्हण्यानं तर तीनदा घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. ताहेर गेला. पुढच्या चाकाच्या अलॉयची कड चांगली बोटभर चेचली होती.

"शोरूमवाले म्हणतात, गेटमधून निघताना चारी चाकं ठीक होती, तसं कागदावर लिहिलंय, खाली तुमची सही हाय. गेटबाहेर जबाबदारी आणणाऱ्याची," सर म्हणाले. "आणि मी तर गाडी चालवलीच न्हाई. फक्त लिंबावरून नेली!"

ताहेर चाकापाशी उकिडवा बसला. चेचलेल्या कडेत नारळाची शेंडी अडकली होती. ओढून दाखवली असती की झालं असतं. त्यानं मान वर केली. ओट्यावर अप्पा बसले होते, मांडीशी दगड घेऊन, धोतराच्या सोग्यानं तो पुसत. सरांना चूक दाखवावी तर पोरीची जागा जाईल. अप्पांच्या दगडावर बोट ठेवावं, तर ते बोट कुणाचं? त्याच गावच्या माणसाचं.

त्यानं शेंडी हळूच ओढली आणि खिशात टाकली.

"माझ्याच हातून झालं सर. लोह्याजवळ खड्डा लागला."

"मग काल तोंड का शिवलं होतं?" सरांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "पेढे खाल्ले, शाबासकी घेतली, आणि वर गप? बॅचला पोरं घेतो ती आईबापाच्या शब्दावर, ताहेरभाई. जागेचं विसरा."

"वीरभद्रा, जाऊ दे की रं," अप्पा पुटपुटले. दगड पुसणं थांबलं नाही.

दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर 'लोह्याच्या खड्ड्या'ची खोली गुडघाभर झाली होती, संध्याकाळी कमरेएवढी. नांदेडच्या शोरूमनं पुढच्या गाडीसाठी बिलोलीचा ड्रायव्हर बोलावला.

घरी मनतशा फाइल छातीशी धरून उंबऱ्यातच होती. "अब्बा, सर क्या बोले?"

त्यानं सगळं सांगितलं, दगडासकट.

"तो जाके अब सच बोलो ना!"

ताहेरनं खिशातून शेंडी काढून तळहातावर ठेवली. चाकात होती तोवर ती साक्षीदार होती. आता नुसती नारळाची शेंडी. पोरीनंही ती पाहिली, आणि मग फाइल ठेवायला आत गेली.