जप्त केलेलं खुरपं

आमच्या साक्रीकडच्या टेकडीवरचा वनमजूर बोलतो कमी, पण येताजाता झाडांकडे बघून मान डोलावतो. उन्हाळ्यात वणव्याने टेकडी जळाली. कळलावीच्या वेलांचे कंद वाचले का, ते बघायला मी उकरायला बसले, तर या बाबाने खुरपंच हिसकावलं!

"अक्का, उकरू नका. खाले जीव शे. फूल उनं का तुमनं खुरपं परत."

तेव्हापासून त्या राखेवर तो चपला काढूनच चालायचा. फूल कधी येतंय, मला मेलीला धीर निघेना!

पाऊस सुरू झाला, आणि आज सकाळी तो धापा टाकत दारात हजर, हातात माझं खुरपं! ते घेऊन टेकडीकडे धावलेच मी. पानांच्या टोकांनी जळक्या फांद्या धरत कळलावी वर चढलेली, लालपिवळी, टेकडीभर! खुरपं तिथेच विसरले, आणि घरी येऊन बघते तर माझ्याही चपला हातात.