शपथपत्रावरची अर्धी सही

तुमच्या आईला तिच्या जन्माच्या नावाने शेवटची हाक कोणी मारली, सांगता येईल तुम्हाला? घाईने उत्तर देऊ नका. आधी ते नाव आठवतंय का ते पाहा.

माझ्या आईचं मला सांगता येतं. बाबांनी मारली होती, ते गेले त्याच्या आदल्या दिवशी. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातल्या एका लहानशा छापखान्यातून स्वस्त कागदाचे, सुतळीने बांधलेले गठ्ठे घरी यायचे. आई घड्या घालायची. मी आणि ताई रविवारी महाराज बाड्याच्या चौकात उभ्या राहून ती वाटायचो. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर आणि बेरजा केल्या त्या त्यांच्या कोऱ्या पाठीवर. बाकीची पत्रकं हिंदीत असायची. लग्नात मुलीचं नाव बदलू नका, हे सांगणारं गुलाबी पत्रक तेवढं फक्त मराठीत होतं. "ही खोड आपली आहे, ग्वाल्हेरच्या बाकीच्यांना कशाला छळायचं," बाबा म्हणायचे. त्यांनी स्वतः लग्नात तांदळाच्या ताटात आईचं नवं नाव लिहिलं होतं. ते पत्रक म्हणजे त्यांची माफी होती. ते छापल्यावर ते आईला जुन्या नावाने हाक मारू लागले आणि आई बरेच दिवस ओ देईना. तिला वाटायचं, दारात कोणी बाई आली आहे.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा बाबा नव्हते. सासर मुरारचं, फौजी घर, माणसं सरळ. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला गुलाबी पत्रक तोंडपाठ होतं. लग्नातल्या लक्ष्मीपूजनाला गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे घ्यायला सांगितलं. मी करवली, ताट माझ्याच हातात. मी तोंड उघडणार हे आईला दिसलं. ती जवळ आली आणि पदर नीट करत हळूच म्हणाली, "आज नको गं."

जिजाजींनी अंगठीने तांदळात नाव लिहिलं. ताट हलू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. मागून एक काकू म्हणाल्या, "बापाची तोफ आज थंड दिसतेय." सगळे हसले. पेढे वाटले गेले. मीही खाल्ला.

ते नाव पुढे कोणी वापरलंच नाही. जिजाजी ताईला जुन्याच नावाने हाक मारत. पासपोर्ट लग्नाआधीचा, दोघांच्या नोकऱ्या आपापल्या, व्हिसे आपापले. दोघं जर्मनीला गेली आणि मी मैत्रिणींना सांगत सुटले की शेवटी आम्ही जिंकलो.

मग गेल्या वर्षी ताईला मुलगी झाली.

तिथे जन्मलं म्हणून बाळ तिथलं होत नाही. आईबाप भारतीय, म्हणून बाळ भारतीय, पण ते कागदावर दाखवावं लागतं. आधी तिथल्या कार्यालयाचा पूर्ण जन्मदाखला, त्यावरून आपल्या वकिलातीत जन्माची नोंद, मग पासपोर्ट. तोवर बाळ म्हणजे पाळण्यात झोपलेलं एक माणूस, ज्याला विमानात बसता येत नाही. ताई पहिल्याच पायरीवर अडली. जन्मदाखल्यासाठी लग्नाचा दाखला लागत होता आणि तो मुरारला सासऱ्यांच्या ट्रंकेत होता. तो मागवला तेव्हा कळलं, लग्ननोंदणीचा फॉर्म त्यांनीच भरला होता, प्रत्येक रकाना फौजी शिस्तीत. वधूचं नाव या रकान्यात त्यांनी ताटातलं नाव लिहिलं होतं. लग्नाच्या गडबडीत ताईने न वाचता सही केली होती.

"तिथली बाई माझा पासपोर्ट बघते, दाखला बघते, परत माझ्याकडे बघते," ताई फोनवर सांगत होती. "मग फार अदबीने विचारते, तुमच्या नवऱ्याची बायको कुठे असते?"

आम्ही खूप हसलो. आईसुद्धा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आईच्या पोटात गाठ सापडली. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "बिटिया, जिनको बुलाना है, बुला लो।"

बोलावणार कुणाला? एक ताई आणि एक तिचं बाळ. बाळाला कागद नाहीत, ते अंगावर पीत होतं, आणि ताई एकटी येते म्हणाली तर आई फोनवर म्हणाली, "तान्ह्याला सोडून आलीस तर मी दार उघडणार नाही." तिला नात मांडीवर हवी होती. एवढंच हवं होतं. जुन्या मऊ साडीची कुंची तिने शिवायला घेतली होती, बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरणारी, कडेला पिवळी पट्टी.

बाबांचे मित्र असलेले वकीलकाका दोन दिवसांत शपथपत्र टाइप करून घरी घेऊन आले. मजकूर चार ओळींचा. माझी मुलगी या दोन्ही नावांनी ओळखली जाते, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. खाली आईची सही. ताईने तिथे विचारून ठेवलं होतं, असं शपथपत्र चालणार होतं. "नोटरी, भोपाळचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, बस," काका म्हणाले. "पंधरा दिवसांत जर्मनीत." दुसरा रस्ता होता मूळ नोंदच दुरुस्त करून घेण्याचा. तो लांबचा.

आई उशीला टेकून बसली. मांडीवर जाड पुस्तक, पुस्तकावर कागद. तिने पेन टेकवलं आणि पहिलं अक्षर काढलं.

"थांब," मी म्हणाले. "हे खोटं आहे. ओळखली जाते म्हणजे काय? कोण ओळखतं तिला त्या नावाने?"

"कागद ओळखतो ना. पुरे झालं."

"आई, शपथ आहे ही."

"मला नाहीत दोन नावं? मी काय दोन बायका झाले?"

"म्हणूनच नको."

वकीलकाका चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, उभी जिंदगी शपथपत्रं करतोय. याच्याहून सच्चं मी अजून पाहिलं नाही. जिद्द नको करू."

मी कागद ओढून घेतला. पेन घसरलं आणि पहिल्या अक्षराला एक लांब शेपूट फुटलं. त्या क्षणी मला काय वाटत होतं ते लपवणार नाही. मला वाटत होतं, ते ताट मी आता खाली ठेवते आहे.

आई रागावली नाही. "बापावर गेलीस," म्हणाली. "तुझ्या खऱ्याला किती दिवस लागतील?"

"वीस."

"मग ठीक आहे. वीस दिवस आहे मी."

ताईला मी सांगितलं, नोंद दुरुस्त करायला टाकली आहे. शपथपत्राचं बोलले नाही. ती घाईत होती, बाळ रडत होतं. "सुन ना, तुला जे ठीक वाटेल ते कर," ती म्हणाली, "बस जल्दी कर."

मूळ फॉर्म सापडायला विसातले बारा दिवस गेले. सासऱ्यांनी मुरारहून स्कूटरवर येऊन त्याच दिवशी सही दिली. "चूक माझी आहे बेटा," ते म्हणाले. "मला वाटलं, जे नाव ठेवलं तेच लिहायचं असतं." मग जिजाजींची सही वकिलातीतून साक्षांकित होऊन यायची होती. ती आली, तर संबंधित बाबू इलेक्शन ड्यूटीवर. कोणी वाईट वागलं नाही. कोणी काही मागितलं नाही. मी रोज जायचे, रोज कोणीतरी म्हणायचं, "मॅडम, अगले हफ़्ते।" आणि मी ताठ मानेने परत यायचे. ताठ मानेची मला आता किळस येते.

दर रविवारी आई व्हिडिओवर ताईला सांगायची, "डोकं मोज." ताई टेप लावून आकडा सांगायची आणि आई कुंचीची शिवण उसवून पुन्हा घालायची. पहिल्यांदा उसवली तेव्हा तिने ताईला टोमणा मारला, "पोरगी वाढतेय, की तू टेप ओढतेस?" दुसऱ्यांदा नुसता आकडा लिहून घेतला. तिसऱ्यांदा तिला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा मी ओवून दिला.

दुरुस्त दाखला हातात आला तेव्हा अडीच महिने झाले होते. वधूचं नाव या रकान्यात ताईचं जन्माचं नाव. मी धावत घरी आले आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज बाड्यावर पत्रकं वाटताना व्हायचा तसा झाला होता.

"छान," आई म्हणाली. "बाळ कधी?"

अजून भोपाळ होतं, दिल्ली होती, जर्मनीतलं कार्यालय होतं, वकिलात होती. शेवटच्या आठवड्यात आईचं दिवसांचं भान सुटलं. ती मध्येच डोळे उघडायची आणि विचारायची, "वीस झाले का गं?" पहिल्यांदा मी होय म्हणाले. दुसऱ्यांदा नाही म्हणाले. दोन्ही उत्तरं ऐकून तिने सारखीच मान हलवली.

आई गेली त्याच्या नवव्या दिवशी बाळाचा पासपोर्ट ताईच्या हातात पडला.

ताई बाराव्याच्या संध्याकाळी आली. बाळाला खालचे दोन दात आले होते. तिने आईच्या कॉटवर बाळाला बसवलं, उशीजवळची कुंची उचलली आणि त्याच्या डोक्यावर घातली. कुंची मोठी झाली. नाकापर्यंत खाली आली आणि बाळ आत हसायला लागलं. शेवटच्या वेळी उसवताना आईने ताईने सांगितलेलं माप घेतलंच नव्हतं. तिने वर्षाच्या बाळाचं माप धरलं होतं. वीस दिवसांचा हिशेब तिने कधीच सोडून दिला होता आणि मला त्यातलं काही कळू दिलं नव्हतं.

दोन दिवसांनी ताई आईची फाइल लावत होती. डॉक्टरांचे कागद, बँकेचे कागद. त्यात ते शपथपत्र निघालं, मीच ठेवलेलं. ताईने वाचलं, तारीख पाहिली, त्या एका अक्षरावर आणि त्याच्या शेपटीवर बोट ठेवलं.

"ही आईची सही आहे?"

"अर्धी. मी कागद ओढला."

"का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तांदळाच्या ताटापासून. बाळ तिच्या बांगडीशी खेळत होतं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "नाव माझं होतं ना?"

"हो."

"त्यांनी ताटात लिहिताना मला विचारलं नव्हतं." तिने कागदाची घडी घातली, आई पत्रकांची घालायची तशी, नखाने दाबून. "तूपण नाही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि बाळाचं दूध गरम करायला गेली. परत जाताना स्टेशनवर तिने मला मिठी मारली, बाळही माझ्याकडे दिलं. पण आता आमच्या फोनवर एक जागा रिकामी असते. आम्ही दोघी तिला वळसा घालून बोलतो.

नाव बदलण्याची ती चाल मला आजही तितकीच चीड आणते. गुलाबी पत्रकातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी मी ताट धरून उभी राहिले, आणि ज्या दिवशी गप्प बसायचं, किमान एक फोन करून विचारायचं, त्या दिवशी बोलले. त्याची किंमत आईने मोजली. ताईची दोन्ही नावं मी इथे लिहिलेली नाहीत. यावेळी मी तिला विचारलं होतं. ती नको म्हणाली.

बाबांच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याला एक काम सांगितलेलं असायचं. मीही सांगते. तुमच्या घरातल्या लग्न झालेल्या मुलीला, सुनेला, बहिणीला आज विचारा: तुझं कोणतं नाव कोणत्या कागदावर आहे, आणि तुला कोणतं हवं आहे? ट्रंकेतला दाखला बाहेर काढा आणि तिच्यासमोर वाचा. ती म्हणेल तसं दुरुस्त करा. तिला दोन्ही चालत असतील तर दोन्ही लिहा आणि वाद घालू नका. फक्त आजच करा, सही करणारी माणसं घरात आहेत तोवर.