बॉयलरचं बटण

आमच्या गावात गॅसची पाइपलाइन नाही. लंडनहून येताना रीडिंग शहराच्या अलीकडचं हे छोटं स्टेशन, घरं सगळी जुनी आणि जुनी म्हणूनच कौतुकाची. खिडकी बदलायची तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला विचारा, दाराला रंग द्यायचा तरी कौन्सिलला विचारा. आधीच्या मालकाचा तेलावर चालणारा बॉयलर मोडीत निघाला, तेव्हा आम्ही इलेक्ट्रिक बॉयलर बसवून घेतला. ना धूर, ना आवाज. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरी पेटी आणि शेजारी लाल दिव्याचं बटण. खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर त्यावरच तापतात, नळाचं गरम पाणीही त्याचंच.

त्या हिवाळ्यात आई पुण्याहून आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. इथलं तिला मानवलं तर दर वर्षी येत जाईल, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मी आणि नवरा सकाळच्या ट्रेनने ऑफिसला जायचो ते अंधार पडल्यावर उगवायचो. आई दिवसभर घरी असायची.

ती आली आणि बॉयलरला काय धाड भरली कोण जाणे. त्याच्या कंट्रोलरवरचं घड्याळ रोज संध्याकाळी भलतीच वेळ दाखवत लुकलुकायचं. रेडिएटर गरम, पण भिंती गारढोण. ‘‘जुन्या घराचं वायरिंग, दुसरं काय,’’ नवरा म्हणायचा. मी मात्र बॉयलर बसवणाऱ्याला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. एका शनिवारी तो बिचारा येऊन सगळं उघडून बघून गेला. त्याला काहीच बिघाड सापडला नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

मग एका दुपारी बर्फ पडायला लागला. ट्रेन बंद व्हायच्या आत घर गाठावं म्हणून मी लवकर निघाले. दार उघडून आत पाऊल टाकलं तर घरातसुद्धा माझ्या तोंडातून वाफ येत होती.

आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. डोक्याला माकडटोपी, अंगावर दोन शाली, वरून नवऱ्याचा जाड कोट. मी हाक मारली तर तिला नीट बोलताच येईना. ओठ निळसर पडले होते. मी तिचा हात हातात घेतला. इतका गार हात मी फक्त एकदा धरला होता, बाबांचा.

बटणाचा लाल दिवा बंद होता. ते दाबलं, मिळतील तेवढी पांघरुणं तिच्यावर टाकली, वैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे एकेक सांगत गेली आणि मी तसं करत गेले. बऱ्याच वेळाने आईच्या चेहऱ्यावर रंग आला. चहाचा कप तिला स्वतः धरता आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

‘‘आई, बटण कसं काय बंद झालं?’’

‘‘मीच केलं. गीझर असा दिवसभर चालू ठेवतात का कुणी? तुम्ही गेलात की बंद करते. अंधारून आलं की लावते, म्हणजे तुम्ही येईपर्यंत घर तापतं.’’

‘‘गीझर बंद केलास का?’’ या प्रश्नाशिवाय पुण्यातल्या आमच्या घराचं दार कधी ओढलं गेलं नाही. पांढरी पेटी, लाल दिवा. तिच्या दृष्टीने तो गीझरच होता. माझ्या कसं लक्षात आलं नाही?

‘‘अगं, पण घर किती गार पडतं! तुला कळत नव्हतं?’’

‘‘कळतं की. पण दिवसा घरात कोण असतं?’’

‘‘कोण असतं म्हणजे? तू असतेस ना!’’

‘‘मी काय,’’ ती म्हणाली, ‘‘मी एकटीच तर असते.’’

हे तिने इतक्या सहज म्हटलं, की मला धडकीच भरली. बाबा गेल्यापासून मी रोज फोनवर विचारत आले होते, जेवलीस का? ती रोज हो म्हणत आली होती.

‘‘आई, पुण्यात तू रोज कुकर लावतेस ना?’’

तिने चहाचा घोट घेतला. आपली मुलगी काय वेड्यासारखं विचारतेय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

‘‘एकटीसाठी काय कुकर लावायचा गं?’’