रोहण्याचे बोकड आणि माझ्या नावावरचं कर्ज

मी कोणासमोर बोलत नाही, हे आमच्या हिंगणीत सगळ्यांना ठाऊक आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हा हजेरी घेताना माझ्यासाठी बाजूची मुलगीच 'हजर' म्हणायची. आता मी त्याच शाळेत खिचडी शिजवते. चुलीजवळ बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडतं. पण मागच्या श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मला जेवढं बोलावं लागलं, तेवढं आधीच्या सगळ्या आयुष्यात बोलले नसेन. ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

आम्ही घराच्या कर्जासाठी वर्ध्याला बँकेत गेलो होतो. नवरा शाळेची बस चालवतो, त्याचा पगार खात्यात येतो. जागा मात्र सासूने मरायच्या आधी माझ्या नावावर करून दिली, त्यामुळे कर्जात माझंही नाव हवं होतं. राहतो ते दिराच्या घरातल्या एका खोलीत. दिराच्या मुलाचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं आणि खोली त्याला लागणार होती. कोणी आम्हाला जा म्हटलं नव्हतं. पण जाऊबाई येता-जाता खोलीच्या भिंती पाहू लागल्या, की समजायचं ते समजतं. पाऊस थांबल्यावर घराचा पायवा खोदला तरच उन्हाळ्यापर्यंत डोक्यावर छप्पर येणार होतं.

बँकेतल्या मॅडम माझ्याच वयाच्या. त्यांनी कंप्युटरवर माझं नाव टाकलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या नावावर जुनं कर्ज थकलं आहे. वसुलीत गेलेलं दिसतं."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच म्हणाले, "बकऱ्याचं होय ते."

आमच्या वस्तीत बायकांचा गट होता. विहाराच्या सभागृहात सगळ्या बसायच्या, कर्ज देणाऱ्या कंपनीचे साहेब मोटारसायकलवर येऊन हप्ता गोळा करायचे. एकीचं एक कर्ज फिटल्याशिवाय कंपनी तिला दुसरं देत नसे. म्हणून बायका एकमेकींना नाव द्यायच्या. तुला गरज आहे, माझं नाव रिकामं आहे, घे. सूप द्यावं, चाळणी द्यावी, तसं. त्यात लपवाछपवी नव्हती. नवऱ्यांनाही माहीत असे. आमच्या शेजारच्या ताईला बकऱ्या घ्यायच्या होत्या, म्हणून मी तिला नाव दिलं. साहेबांना फोटो हवा होता, तेव्हा तिनेच तिची बकरी माझ्या कडेवर दिली. बकरी ओरडत होती आणि मी मान खाली घालून उभी होते.

ताईने बरेच हप्ते वेळेवर भरले. मग लॉकडाऊन लागलं. गट बसायचा बंद झाला, साहेब यायचे बंद झाले, ताई बकऱ्या घेऊन भावाकडे रोहण्याला राहायला गेली. साहेबच येत नाहीत म्हणजे कर्ज मिटलं, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. दारात येऊन मागणारं कोणी नाही तर देणं राहिलं कुठे, असाच आमचा हिशेब. कंपनीने ते कर्ज वसुलीवाल्यांना देऊन टाकलं, हे आम्हाला कोण सांगणार? अनोळखी नंबरवरून फोन यायचे. मी मोबाइल तांदळाच्या डब्यावर पालथा घालून ठेवायची.

मॅडमनी नीट समजावलं. वसुलीवाले म्हणतील, अर्धे द्या, मिटवू. तसं मिटवलं तर रेकॉर्डवर 'अर्ध्यात मिटवलं' असंच लिहून येतं, आणि ते पाहून वरचे साहेब फाइल परत पाठवतात. पूर्ण भरलं तर 'बंद' असं येतं. पूर्ण भरा, बाकी काही नाही असं पत्र घ्या आणि दसऱ्यापर्यंत आणा. नंतर फाइल बंद होईल.

परतीच्या बसमध्ये सेलू आल्यावर नवरा म्हणाला, "अर्ध्यात मिटून राह्यलं तं मिटव ना वो. बकऱ्या तिच्या, आपण काऊन भराव?"

मी म्हटलं, मिटवायचं नाही, संपवायचं आहे. आणि ताईला मी विचारीन. तो हसला. तू विचारशील? मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी मी एकटीच बस बदलत रोहण्याला गेले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. ताईच्या अंगणात पोहोचले तर बकऱ्याच बकऱ्या. तिने मला पाहिलं, जयभीम केला, पाणी आणलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पाह्य बाई, साऱ्या तुह्याच नावाच्या आहेत. कोणती नेतं, सांग."

मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच बोलणं सोपं झालं. सगळं सांगितलं. ती सुन्न झाली. तिलाही वाटलं होतं की मिटलं. तिने आत जाऊन भावाशी बोलून घेतलं, मग दोन मोठे बोकड दाखवले. हे विकून भरू, म्हणाली, पण आता नाही.

"श्रावणात बोकडाले कोण विचारते? खाटीक फुकट मागते. पोळ्याची कर होऊ दे. करीच्या दिवशी साऱ्या गावाले मटण पाह्यजे. तवा हेच बोकड मानानं जातीन."

ती खरं बोलत होती. आता विकले असते तर अर्धंसुद्धा निघालं नसतं आणि पुढे तिला माझ्यासमोर मान वर करता आली नसती. पण पोळा आणि दुसऱ्या दिवशीची कर संपली की दसरा जवळच. पत्र वेळेत आलं नाही तर फाइल जाईल, पायवा राहील. मी अंगणात बसून विचार केला. थांबू, पण करीच्या दुसऱ्या दिवशी पैसे हिंगणीला आले पाहिजेत, असं मी तिला सांगितलं. आणि व्याज वाढलं आहे, ते मी भरीन, कारण नाव माझं होतं. ती नको नको म्हणाली. मी ऐकलं नाही. परत येताना माझं मलाच नवल वाटलं नाही, एवढं ते सरळ वाटत होतं.

घरी आल्यावर मी मोबाइल सरळ ठेवला. वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा उचलला. तो माणूस ताई ताई करत बोलायचा, पण आवाजात घाई. आजच अर्धे भरा, आजची ऑफर आहे, उद्या पूर्ण लागतील.

मी म्हटलं, "भाऊ, मले पुरेच भरायचे आहेत. करीनंतर भरतो. अर्ध्याची गोष्ट काढू नका."

पूर्ण भरतो म्हणणारं माणूस त्याला रोज भेटत नसावं. मग त्याने दुसरा आवाज काढला. माणसं घरी पाठवीन, शेजारपाजार पाहील. मी म्हटलं, पाठवा, विहारात बसवते, गटातल्या साऱ्या बायका येतील, त्यांनाही तुम्हाला पाहायचं आहे. हे मी कसं बोलले, माहीत नाही. फोन ठेवून वळले तर नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्या दिवसापासून अर्ध्यात मिटव हे त्याने पुन्हा म्हटलं नाही.

करीच्या दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी ताई आली नाही. जाऊबाई म्हणाल्या, बोकडाच्या भरवशावर घर बांधायला निघाली. मी भांडी घासत राहिले. ताई संध्याकाळच्या बसमधून उतरली. दोन्ही बोकड चांगल्या भावात गेले होते, पण एक गिऱ्हाईक पैसे द्यायला सकाळभर रखडवत होतं. तिने पैसे कमरेच्या पिशवीतून काढून माझ्या हातात दिले. मी खिचडीच्या मानधनातून साठवलेले त्यात घातले.

वसुलीवाला रोख घ्यायला स्वतः येतो म्हणाला. मी नाही म्हटलं. आधी किती भरायचे त्याचं कंपनीचं पत्र पाठवा, मग कंपनीच्या खात्यात भरीन. दोन दिवस कुरकुर करून त्याने पत्र पाठवलं. ते मी मॅडमना दाखवलं, त्यांनी बरोबर आहे म्हटलं, तेव्हाच पैसे भरले. बाकी काही नसल्याचं पत्र यायला मात्र वेळ लागला. मी रोज फोन करायची. मीच. शेवटी तो माणूस माझा फोन उचलायला कंटाळू लागला.

पत्र दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आलं. कंप्युटरवर 'बंद' दिसायला अजून थोडे दिवस होते, पण मॅडमनी पत्र जोडून फाइल वर पाठवली आणि ती परत आली नाही.

सह्या करायला गेलो तेव्हा आत मोठे साहेब होते. ते सगळं नवऱ्यालाच विचारत होते. हप्ता कोणत्या तारखेला, पगार कोणत्या खात्यात. मग म्हणाले, हप्ता राहिला तर फोन कोणाला करायचा? नवरा त्याचा नंबर सांगू लागला.

"माहा लिहा, साहेब," मी म्हटलं. "मी उचलतो."

साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि नंबर लिहून घेतला. मग मी प्रत्येक पानावर सही केली. पानं फार होती, शेवटी शेवटी अक्षर तिरकं झालं, पण एकही पान सोडलं नाही.