मी अर्धं सोडलेलं वाक्य

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि आता सांगताना मान खाली घालीन, असं मात्र समजू नका. केलं ते मी केलं, चांगली शुद्धीवर असताना केलं.

साताऱ्याच्या माझ्या घरी बैठकीत एक शाल काचेत लावलेली आहे. आल्यागेल्याला मी सांगते — सांगलीच्या कॉलेजनं पदवीधरांचा सत्कार केला, तेव्हाची. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. व्यापारात नाहीतर लोकांच्या कामात नाव काढलेल्या पाच जुन्या विद्यार्थ्यांना मान द्यायचा, त्यात एक तरी बाई हवी, असं ठरलं होतं. नावं निवडणाऱ्या समितीत मी होते — एकटीच बाई.

पहिलंच नाव निघालं ते चंद्राचं. माझी वर्गमैत्रीण, कडेगावच्या शेतकरी घरातली. नवरा पलटणीत होता, तो लढाईच्या सुरुवातीलाच गेला. दिराला न जुमानता तिनं शेंगतेलाची गिरणी उभी केली, लोकल बोर्डावर निवडून आली, गावात मुलींची शाळा आणली. आणि मी? नवऱ्याच्या ओळखीवर नगरपालिकेत शिरले होते, शिवणाचा वर्ग चालवत होते. बी.ए.ला तर्कशास्त्र मला तिनंच शिकवलं, आणि वर पहिला वर्गही तिनंच पटकावला. हेवा वाटायचा का? वाटायचा. अजून वाटतो.

अध्यक्ष म्हणजे गुळाचे एक म्हातारे व्यापारी. ते म्हणाले, “मग ठरलं. शाल, नारळ, मानपत्र.” सगळे उठायला लागले. तेवढ्यात मी म्हटलं, “आणि ओटी? बाईचा सत्कार ओटी-कुंकवावाचून कसा करायचा? आणि ती तर —”

एवढंच. पुढचा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही.

काळच तसा होता, असं तुम्ही म्हणाल ना? माझ्या बाजूनं बोलू नका. ओटीचं त्या खोलीत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांना सारखी शाल घालून ते पुरुष मोकळे झाले असते. रूढी तिथं मी आणली, आणि चंद्राची वाट अडवून दाराशी उभी राहिले. मग कुणी खाकरलं, कुणी पेन्सिल फिरवली. बिचारीला चारचौघांत अवघडल्यासारखं व्हायला नको, असं म्हणत तिच्याच काळजीनं तिचं नाव खोडलं गेलं. मग बाईची जागा भरायला सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं — दोनदा. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

समारंभाला चंद्रा आली होती. बायकांच्या बाजूला बसून टाळ्या वाजवत होती. माझी ओटी भरली, कुंकू लावलं, तेव्हा तर जरा जास्तच. नंतर मंडपाबाहेर तिनं माझ्या खांद्यावरची शाल नीट केली.

“लय शोभतीया गं. आपल्यातली एक तरी वर बसली.” मग म्हणाली, “माझं नाव कुनी काढलं न्हवतं व्हय?”

“नाही,” मी म्हटलं.

“असू दे. खेड्यातलं कोन ध्यानात ठेवतंय!” ती हसली, आणि पिशवीतून आपल्या गिरणीच्या तेलाची बाटली काढून तिनं माझ्या हातात दिली.

अजून दर दिवाळीला कडेगावहून तेलाचा डबा येतो. मी तो घेते, त्या तेलात चकल्या तळते, आणि खातेही. शाल भिंतीवरून उतरवणार नाही. उतरवून काय, चांगली ठरू?

चंद्रा हे वाचेल. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तर तिच्यासाठी ते वाक्य आता पुरं करते — आणि ती तर विधवा आहे. हे मी म्हटलं होतं, चंद्रा. तुझं नाव पहिलंच निघालं होतं.