बारावा विद्यार्थी

गेल्या मंगळवारी तुंगार्लीच्या बंगल्यात माझ्या तोंडानं पुन्हा एकदा घोळ घातला.

लढाईत बॉम्ब पडतील या भीतीनं आमच्या कॉलेजचा एम.कॉम.चा वर्ग मुंबईहून या बंगल्यात आलाय. इथल्या वर्गाला युनिव्हर्सिटीची मान्यता अजून मिळायची आहे... ती मिळाली नाही तर परीक्षा नाही, पोरांचं वर्ष फुकट. आणि मान्यतेला वर्गात निदान बाराजण लागतात.

बारावा मी होतो. चार महिन्यांपूर्वी सरांनी भर वर्गात विचारलं, "खिडकीबाहेर कोणता विषय चाललाय?" बाहेर सुशीला होती... माझ्या वर्गातल्या वसंताची बहीण, त्याचा डबा घेऊन आलेली. मी वही आपटली आणि निघालो, तो परत गेलोच नाही.

मंगळवारी मान्यतेची कमिटी येणार म्हणून वसंता सकाळीच औंढ्याहून सायकल मारत माझ्या दारात. "नुस्तं येऊन बस. तोंड उघडू नगंस. अकरा जणांचा सवाल हाय."

बसलो. कमिटीतल्या वयस्कर साहेबांनी हजेरीपट चाळला, माझं नाव विचारलं आणि कौतुकानं म्हणाले, "चार महिन्यांत एकही गैरहजेरी नाही. वा."

म्हणजे सर रोज माझी हजेरी लावत होते... डोकं सणकलं. "साहेब, मी चार महिने इथं फिरकलेलो नाही."

वसंतानं कपाळाला हात लावला. सर उभे राहिले. "खरं आहे. हा परत येईल असं वाटायचं, नाव खोडवेना. चूक माझी." मला मान वर करवेना.

साहेबांनी हजेरीपट सरांपुढं सरकवला. मग म्हणाले, ही हजेरी खोडा... महिन्यानं पुन्हा येऊ, बाराजण खरोखर शिकताना दिसले तर मान्यतेची शिफारस करू.

अकराही जण माझ्याकडं बघत होते. "उद्यापासून येतो," मी म्हणालो. "उद्या कशाला, बसलायस तसाच बस की," वसंता म्हणाला.

संध्याकाळी तो चार महिन्यांच्या नोट्स घेऊन आला. अक्षर त्याचं नव्हतं. "सुशीनं माझ्या वह्यांवरनं उतरवल्यात. मॅट्रिक झाल्यापासनं रिकामीच हाय. म्हणलं कशाला, तर म्हणली, लागतील कुनाला तरी."

चार वह्या. सगळं बँकिंग आणि ऑडिटिंग, एक शब्द जास्तीचा नाही... मी दोनदा शोधलं.

मान्यतेचं अजून काही खरं नाही. पण मी रुसून बसलो होतो तेव्हा दोन माणसं माझी जागा धरून होती, एवढं कळलं. आता अभ्यासाला बसतो.