अर्ध्या पाण्याची नोंद

माझं काम नेमकं काय, हे मला घरच्यांनाही अजून धड सांगता आलेलं नाही. एखादी वस्तू तयार होऊन कचऱ्यात जाईपर्यंत किती पाणी पिते, किती वीज आणि डिझेल खाते, याचे आकडे मी गोळा करतो आणि एका सामायिक डेटाबेसमध्ये भरतो. तो जगभरातले लोक वापरतात. एकदा आकडा तिथे चढला की तो कोण कुठे उचलेल, याचा पत्ता लागत नाही. बायको पाहुण्यांना सांगते, "हे खानेसुमारीसारखं काहीतरी करतात." मीही आता दुरुस्त करत नाही. पन्नाशीनंतर माणसाने तेच तेच किती वेळा समजावायचं?

सुकेळीची नोंद माझ्या गळ्यात पडली ती माझ्याच करणीने. वटारची माझी काकी दरवर्षी मनवेलपाड्याला आमच्या फ्लॅटवर सुकेळीची भलीमोठी पिशवी पाठवते. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली. घरात आम्ही तिघं, एवढं गोड खाणार कोण, म्हणून मी ती ऑफिसात वाटली. साहेबांनी दोन खाल्ली आणि म्हणाले, "हे आपल्या डेटाबेसमध्ये नाही. तुझ्याच गावचं आहे ना? घे करून." झालं, टेबलावरच्या ढिगात आणखी एक फाइल आली.

वटारला गेलो तो एका शनिवारी, अंगात कणकण असताना. काकी गावातल्या सात-आठ बायकांना घेऊन सुकेळी करते आणि मुंबईची एक कंपनी ती सगळी उचलते. ओटीवर बसूनच मी फॉर्म भरला. खत किती, वाळवायला दिवस किती, बांधायला काय वापरता. पाण्याच्या रकान्याशी आलो तेव्हा विचारलं, "काकी, बावखलावरचा पंप किती तास चालतो?"

"तीन तास. रोज," ती म्हणाली.

बावखल म्हणजे वाडीतलं आमचं जुनं तळं. माझे वडील आणि काका या दोन भावांत ते सामायिक, वाड्या मात्र वेगळ्या. वडील गेल्यावर आमच्या वाडीकडे मी फिरकलो नव्हतो. ती केव्हाच वाळून गेली असणार, हे मी धरूनच चाललो होतो, इतकं की विचारावंसंही वाटलं नाही. रोजच्या तीन तासांचं सगळं पाणी काकीच्या केळींच्या नावावर लावलं, चहा घेतला आणि रिक्षा पकडली.

आकडे तपासणाऱ्या परदेशातल्या बाईंनी एकच शंका काढली होती, पाणी जरा जास्त वाटत नाही का? मी लिहिलं, पंपाचे तास समक्ष विचारून घेतले आहेत. त्यात खोटं काहीच नव्हतं. नोंद मंजूर झाली आणि मी सुटलो.

सहा महिन्यांनी काकीचा फोन आला. कंपनीने कळवलं होतं की सुकेळीला पाणी फार लागतं, पुढच्या हंगामापासून माल नको.

"आमची केळी जादा पानी पितात म्हने," काकी म्हणाली. "बायका मला विचारतात, आता करायचं काय? कोनी लिवलं रे असं?"

ते मीच लिहिलं, हे त्या क्षणी तोंडातून निघालं नाही. "बघतो," म्हणालो.

दोन दिवस मी त्या आकड्याकडे पाहत बसलो. खरं सांगायचं तर, वाईट वाटत होतं त्याहून जास्त कंटाळा आला होता. पुन्हा फॉर्म, पुन्हा खुलासे, पुन्हा त्या बाईंच्या विनम्र मेल. गप्प राहिलो असतो तरी कोणाला कळलं नसतं. पण त्या बायकांचा हंगाम माझ्या एका रकान्यावर अडला होता. रविवारी वटारला गेलो आणि या वेळी ओटीवर बसलो नाही.

"काकी, पाणी कुठे जातं ते मला दाखव."

ती पुढे, मी मागे. बावखलाच्या काठावर पंप चालू होता. त्यातून दोन पाइप निघत होते. काकीच्या वाडीकडे जाणाऱ्याची चावी बंद होती. दुसरा पाइप दोन वाड्यांमधल्या दगडी गडग्याच्या पलीकडे, आमच्या वाडीत जात होता.

मी गडगा ओलांडला. राजेळीच्या रांगा हिरव्यागार उभ्या होत्या. लोंगरांच्या भाराने झुकलेल्या केळींना बांबूचे टेकू दिले होते. वडील द्यायचे तसेच, कात्रीसारखे दोन बांबू तिरके बांधून. पायाखालची माती ओली होती.

"आज तुमचा वार ना," काकी म्हणाली. "एक दिवस आमचा, एक दिवस तुमचा. पयल्यापासून तसंच हाय."

"आणि ही केळी जातात कुठे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमलो. "तुझ्याकडेच येतात की दरसाल. पिशवी भरून."

मी तिथेच बांधावर बसलो. ऑफिसात वाटलेली, साहेबांनी खाल्लेली, मला नकोशी झालेली ती सुकेळी माझ्या बापाच्या वाडीतली होती. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. मग सांगून टाकलं, तो आकडा मीच लिहिला.

काकी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सांगितलं का नाहीस मला?" उलट मीच विचारलं.

"तू पंपाचे तास विचारलेस, मी सांगितले. पानी कोनाचं, ते कुठे विचारलंस?"

"पण मी तर कधी येतच नाही, काकी."

"तू येशील म्हनून नाय देत. वार तुमचा हाय म्हनून देते."

दुरुस्ती पाठवली. काकीच्या केळींचं पाणी थेट निम्म्यावर आलं. त्या बाईंचा प्रश्न ठरलेला होता: उरलेलं अर्धं पाणी कोणाचं, त्याचं पत्र हवं. दुसऱ्या वाडीचा मालक म्हणून मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. वडील गेल्यानंतर त्या जमिनीसाठी मी केलेलं ते पहिलं काम होतं, तेही ऑफिसच्या खुर्चीत बसून.

नोंद बदलायला तीन आठवडे आणि अकरा मेल लागल्या. शेवटी कंपनीने माल घ्यायचं कबूल केलं. मी लगेच काकीला फोन लावला. पलीकडे बायकांचा गलका ऐकू आला, कोणीतरी हसलं. फार दिवसांनी माझ्या कामाचा कोणाला तरी उपयोग झाला होता.

"बरं झालं रे," काकी म्हणाली. मग थांबून म्हणाली, "उद्या तुमचा वार हाय. येतोस काय पंप लावायला?"

उद्या ऑफिस होतं. एक नवी फाइल टेबलावर येऊन पडली होती, आणि खरंच फार थकलो होतो.

"बघतो," मी म्हणालो.



"राहू दे," ती म्हणाली. "मी लावते."